पडण्याचं सामान

मोटारसायकल पडली तेव्हा मी तिच्यावर नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वाडीत याच्या उलट शपथेवर सांगणारे लोक आहेत, आणि त्यातला एकही तेव्हा तिथे हजर नव्हता.

मी ओटीवर बसून चहा पीत होतो. गाडी खळ्यात उभी होती. आता खळं म्हणजे काय, हे मालवणाबाहेरच्यांना सांगायला हवं. पाऊस गेला की आमच्याकडे घरापुढचं अंगण नव्याने करतात. तांबडी माती पसरायची, भिजवायची, लाकडी चोपण्याने चोप चोप चोपायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. हे काम माझ्या बायकोने, म्हणजे यशोदेने, कंबर धरधरून नुकतंच संपवलं होतं. वरून घट्ट, आतून अजून लोणी. त्या लोण्यात माझ्या गाडीचा साइड स्टँड हळूहळू उतरत होता. मी बघत होतो. पण तो इतक्या सावकाश उतरत होता की त्यासाठी उठावं असं वाटेना. गाडी वाकली, आणखी वाकली, आणि तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्याला टाकी घासत धप्पकन आडवी झाली.

यशोदा बाहेर आली. आधी तिने खळं पाहिलं. म्हैस लोळून गेल्यासारखं दिसत होतं. मग तिने टाकी पाहिली. मग मला.

"तुमी पडलास?"

"मी नाय पडलंय. गाडी पडली."

"एकच ता."

एकच कसं? सुपारी पडली म्हणून कोणी बागायतदार पडला म्हणतं का? पण हे मी मनात म्हणालो. आमच्या घरात माझं उत्तम बोलणं सगळं मनातच होतं.

"आयकून ठेवा," यशोदा म्हणाली. "ह्या गाडयेर आणखी एक जरी ओरखडो माका दिसलो, तर चावी ओंकाराकडे. कुडाळाक. मगे बसा ओटयेर पेपर वाचीत."

ओंकार आमचा जावई. मुलगा सज्जन. पण घरी आला की सासऱ्याच्या पाया पडायच्या आधी गाडीच्या टाकीवरून हात फिरवतो, बाजारात बैल बघणारे फिरवतात तसा. आणि पेपर वाचत बसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची गाडी गेली की तो माणूस राहत नाही, ओटीवरचं सामान होतो. आमच्या शेजारच्या गुरुदासच्या वडिलांचं तेच झालं. शेवटी शेवटी तर पाहुणे आले की त्यांना खुर्चीसकट उचलून कोपऱ्यात सरकवत, आणि पाहुणे त्यांच्या गुडघ्यावर बशी ठेवत. खोटं वाटत असेल तर गुरुदासला विचारा. अर्थात तो कधीच खरं सांगत नाही.

मला तर मुळात बसवतच नाही. बसलो की तळपायात मुंग्या चालू लागतात, त्या चढत चढत डोक्यात जातात आणि तिथे त्यांची सभा भरते. सकाळी जेटीवर मासळीचा लिलाव बघायचा, दुपारी आचऱ्याला उगाच जाऊन यायचं, कुडाळच्या आठवडी बाजारात काही न घेता भाव विचारत फिरायचं, एवढ्यावर मी जगतो. गाडी गेली तर पंधरवड्यात माझं लोणचं होईल.

रात्रभर कूस बदलत विचार केला. यशोदा म्हणाली होती, ओरखडा दिसला तर. गाडी पडली तर, असं ती म्हणाली नव्हती. म्हणजे गाडी खुशाल पडावी, फक्त ओरखडा येऊ नये. असं काही जगात असेल का? सकाळी चहा न घेता दीपेशच्या गॅरेजवर हजर झालो.

दीपेश हा नाक्यावरचा मेकॅनिक. पोरगा हुशार, पण बोलताना तोंडात कायम एक नट धरलेला असतो, त्यामुळे सगळं बोलणं गंभीर वाटतं.

"आसा ना काका," तो म्हणाला. "स्लायडर लावया. इंजनाच्या दोनय बाजूंक नायलॉनचे खुंटे. गाडी पडली तर आधी खुंटो जमनीक लागता आणि घसारता. टाकयेक कायय नाय. ह्या पडण्याचा सामान."

मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

"मगे लाव."

"असा कसा लाव? इचारूक व्हया. तुमी उभ्यान पडतास, काय धावताना?"

"म्हंजे?"

"उभ्या गाडयेन पडणाऱ्यांका आखूड चलता. धावताना पडणाऱ्यांका लांब व्हयो. पण लय लांब घेतलास तर पडताना तोच वाकतलो आणि फ्रेम मोडतलो. आखूड घेतलास तर टाकी घासतली. आणि खंयच्या बाजूक पडतास?"

मी म्हणालो, "मी पडत नाय."

दीपेशने तोंडातला नट काढला. गॅरेजमध्ये बसलेल्या लोकांकडे पाहिलं. आणि इथे माझ्या अब्रूचं काय झालं ते ऐका. एकजण म्हणाला, काका डावीकडेच पडतात, गेल्या शिमग्याला मी पाहिलंय. दुसरा म्हणाला, छे, काकांचा उजवा गुडघा आधी वाकतो, ते उजवीकडेच जाणार. तिसरा, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं, तो म्हणाला, काका पुढे पडतात. संध्याकाळपर्यंत वाडीत डावा आणि उजवा असे दोन पक्ष झाले आणि चहाच्या पैजा लागल्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत इतकी चर्चा झाली नव्हती. मी रस्त्याने चाललो की लोक चहा थांबवून माझे गुडघे बघत. एक म्हातारी तर काठी वर करून म्हणाली, "भिकाजी, खंयच्या बाजूक पडतंस रे? माझो नातू उजव्यार आसा, तेवडा सांभाळ."

दीपेशने शेवटी मध्यम लांबीचे, एका बाजूला दोन बोल्ट असलेले खुंटे मुंबईहून मागवले. यायला वेळ लागणार होता. तोवर काय करायचं? गाडी चालवायची नाही म्हटलं तर मुंग्या, चालवायची म्हटलं तर ओरखडा. त्या घालमेलीत मी जेटीवर गेलो, आणि तिथे मला बाळा भेटला.

बाळाची मासेमारीची होडी आहे. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याला होडीत सापडतं. त्याच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं तेव्हा तो म्हणाला होता, जरा नवा रंग मारून घेऊया.

"अरे, ह्यात काय आसा?" बाळा म्हणाला. "होडी धक्क्याक लागता तेवा काय करतंव आमी? टायर बांधतंव! दोन हंय, दोन थंय. मगे आदळ कितीय."

खरं सांगतो, त्या क्षणी मला ते पटलं. तुमची झोप झाली नसेल तर तुम्हालाही पटेल. बाळाने स्कूटरचे जुने टायर काढले, जाळ्याच्या निळ्या दोरीने माझ्या गाडीच्या दोन्ही अंगांना बांधले, गाठी अशा मारल्या की वादळातही सुटू नयेत, आणि लांब जाऊन एक डोळा मिटून म्हणाला, "आता बरी दिसता. नाव तेवडा घाल."

मालवण बाजारात शिरलो. पहिल्यांदा पर्यटकांनी घेरलं. आमच्याकडे समुद्रावर केळ्याच्या आकाराच्या फुग्यापासून सोफ्यापर्यंत काहीही दोरीला बांधून लोकांना पाण्यावर फिरवतात, त्यामुळे त्यांचा काय दोष? एका गृहस्थाने बायकामुलांना रांगेत उभं केलं आणि मला विचारलं, "अंकल, ये कौन सी राइड है? लाइफ जॅकेट आप देंगे?" मी मान वर ठेवून पुढे निघालो, तर वाहतूक पोलिसाने हात केला.

आम्ही घरात मालवणी बोलतो, पण खाकी दिसली की जीभ आपोआप इस्त्री करून येते. "नमस्कार साहेब," मी म्हणालो. "काही चुकलं का?"

साहेबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "हे काय आहे?"

"सुरक्षेची उपाययोजना आहे."

"हे वाहन आहे की होडी आहे?"

"वाहन आहे साहेब."

"मग होडीचं सामान का लावलंय?"

"धक्का लागू नये म्हणून."

"कुठल्या धक्क्याला लावणार आहात?"

भोवती गर्दी जमली होती. साहेब अत्यंत शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "काका, वाहन असेल तर त्याची नोंदणी आरटीओत. होडी असेल तर बंदर खात्यात. आधी तुम्ही घरच्यांशी बसून ठरवा हे नेमकं काय आहे, आणि मग बाजारात या." बाळाच्या गाठी सुटेनात. शेवटी समोरच्या मासळीवालीने कोयती दिली. टायर ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी ते गळ्यात घातले. त्या अवस्थेत घरापर्यंत आलो. वाटेत ओळखीची माणसं भेटत होती, आणि प्रत्येकजण विचारत होता, "काका, या वयात पोहायला शिकताय?" मी प्रत्येकाला हो म्हणालो. तेवढंच अब्रूला धरून होतं.

यशोदेला सांगितलं, बाळाने माडांना लावायला दिलेत. तिने टायरांकडे पाहिलं, माडांकडे पाहिलं आणि आत गेली. यशोदा बोलत नाही तेव्हा ती मोजत असते.

मग पार्सल आलं. आलं म्हणजे नाक्यावर आलं. मी जेटीवर असताना कुरियरवाल्याचा फोन, "काका, तुमचा पत्ता सापडत नाही." आता आमचा पत्ता तीन पिढ्या चालत आलेला आहे, देवळाच्या मागे, मोठ्या फणसाच्या अलीकडे. फणस वादळात पडला. पण पत्त्यात तो अजून उभा आहे, आणि दर वर्षी त्याला नवीन सरकारी पत्रं लागतात. मी कुरियरवाल्याला समजावलं की जिथे फणस दिसत नाही तिथे वळा. तो बिचारा प्रत्येक ठिकाणी वळत वळत दुपारी पोचला.

"ओटीपी सांगा काका. मोबाइलवर आला असेल."

आमच्या वाडीत मोबाइलवर फक्त वेळ दिसते. रेंज हवी तर वरच्या सड्यावर, काजूच्या बागेपलीकडे कातळावर जायचं. मी गाडी काढली, सड्यावर गेलो, आकडा आला, पाठ करत खाली आलो. कुरियरवाला म्हणाला, "याची मुदत संपली. दुसरा आलाय बघा." पुन्हा वर. पुन्हा खाली. पुन्हा मुदत. सरकारी कामात साहेब बदलतात, इथे आकडाच बदलत होता. अखेर मी त्याला म्हटलं, बस मागे. दोघे सड्यावर गेलो. कातळावर उभे राहून आकडा घातला, त्याने मशिनवर सही घेतली, "धन्यवाद" म्हणून माझा फोटो काढला, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की पार्सल खाली ओटीवर आहे.

धावत खाली येतो तो यशोदेने खोका उघडलेला. तिच्या हातात एक खुंटा होता. काळा, जाड, गुळगुळीत, मुठीत बसणारा.

"ह्या काय?"

"आरशाचा सामान," मी म्हणालो. "गाडयेचे आरसे हलतत ना..."

"बरो आसा," यशोदा म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून ठकठक ऐकू आली. माझ्या मध्यम लांबीच्या, दोन बोल्टवाल्या, मुंबईहून आलेल्या स्लायडरने ती लसूण ठेचत होती. संध्याकाळपर्यंत त्याने लसूण, मिरी आणि तिरफळं ठेचली. हातात परत आला तेव्हा त्याला मासळीच्या तिखल्याचा वास होता. दीपेश म्हणाला, या बाजूने पडलात तर कुत्री आधी येतील.

पण तो बसवेना. पाना हातात घेऊन उभा.

"काका, नारळ ठेवलास देवाक?"

"नटबोल्टाक नारळ कसलो?"

"पडण्याचा सामान मी नारळाशिवाय बसवणंय नाय. मागे एकाक बसवलंय, तो गॅरेजच्या दारातच पडलो. ह्या म्हंजे पडण्याक आवातणा. देवाक कळवूक व्हया, की बाबा, आमी पडूक बगणंव नाय, निस्ती तयारी करतंव."

देवाला कळवायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. रवळनाथाच्या देवळात एकाने उभं राहून सगळी हकिगत देवाला मोठ्याने सांगायची, आणि जमलेल्या लोकांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष द्यायची. आमच्या वाडीत गाऱ्हाण्याचा मान गुरुदासच्या घराकडे. आणि गुरुदासला सगळं ठाऊक होतं, कारण मीच त्याला सांगितलं होतं. ओरखड्याची अट, त्यातली पळवाट, आरशाची थाप, सगळं. पोटात ठेव म्हटलं होतं. त्याने ठेवलं होतं. पण एक गोष्ट मी विसरलो. गुरुदास माणसांशी वाटेल ते बोलेल, देवापुढे मात्र एक अक्षर खोटं बोलत नाही, आणि एक अक्षर गाळत नाही. कारण अर्धं गाऱ्हाणं देवाला पोचत नाही अशी आमची समजूत आहे.

देवळात बरीच माणसं होती. गाडी दारात. मी नारळ घेऊन पुढे. मागे बायकांत यशोदा, डोक्यावर पदर घेऊन. गुरुदासने घसा साफ केला.

"बा रवळनाथा, बारा वाडयांच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझो लेकरू भिकाजी नारळ घेवन तुझ्या पायाकडे उभो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या बायलेन तेका बजावल्यान आसा, गाडयेर ओरखडो दिसलो तर चावी जावयाक देतलंय म्हणान!"

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज यशोदेचा होता.

माझ्या लक्षात आलं हे कुठे चाललंय. मी गुरुदासचा सदरा ओढला. त्याने तो सोडवून घेतला. त्याचे डोळे मिटलेले होते.

"म्हणान तेणा गुपचूप, बायलेक आरशाचा सामान म्हणान सांगून, ह्ये पडण्याचे खुंटे मुंबयसून मागवल्यान!"

"व्हय म्हा..." अर्धं देऊळ म्हणालं. बायकांच्या बाजूने एक आवाज कमी झाला.

"आता तो बापडो पडतलो, ता तर पडतलोच!"

"व्हय म्हाराजा!" इतक्या उत्साहाने या वाडीने कधीच कशाला साक्ष दिली नव्हती. दोन्ही पक्ष एक झाले होते.

"पण पडलेलो तेच्या बायलेक कळाक नये, असा यश तेका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

घंटा वाजली. मी नारळ फोडला, तो एका फटक्यात फुटला. इतर वेळी तीनचार तरी लागतात. देवाला हे सगळं मनापासून आवडलेलं दिसत होतं.

मागे वळलो तर यशोदा पुढे आलेली. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. पण तिला अडवायची रीतही कोणाला माहीत नव्हती. पदर खोचून ती देवासमोर उभी राहिली.

"म्हाराजा, माजाय एक आयक. गाडी गेली खड्ड्यात. ती पत्र्याची. आजपासून ओरखडो मी गाडयेर बगूचंय नाय, ह्येंच्या आंगार बगतलंय. एक दिसलो, की चावी जावयाक."

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. सवयीने मीही म्हणालो. ठराव एकमताने.

खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच यशोदेने मला पत्र्याच्या वर धरलं, तेही चारचौघांत. पण घरी येईस्तोवर मुंग्या पुन्हा चालू लागल्या. गाडीला स्लायडर मिळतात हो. नवऱ्याला कुठे मिळतात? खुंटे बसवताना दीपेशला विचारून पाहिलं. तो म्हणाला, कोपराला आणि गुडघ्याला घालायची कवचं मिळतात, पण त्यात तुम्ही दशावतारातले राक्षस दिसाल, आणि मी हसलो तर राग मानू नका.

मग जे व्हायचं ते जेटीवर झालं. लिलाव संपला होता, मासळीचं पाणी रस्त्यावर सांडलं होतं, एक मांजर बांगडा घेऊन पळालं, त्याच्यामागे बाळा, बाळामागे माझी नजर. आणि गाडी गेली. सावकाश, मानाने, उजवीकडे. खुंटा टेकला, गाडी थोडी घसरली आणि विसावली. अहो, काय वस्तू आहे ती! टाकीवर नखभर खूण नाही. आरसा नाही, हँडल नाही, काही नाही. मी रस्त्यावर पडल्या पडल्या तिचं कौतुक करत होतो, तेव्हा उजव्या पक्षाचे लोक डाव्या पक्षाकडून चहा वसूल करायला निघून गेले, आणि माझं कोपर सोललेलं आहे हे मला बाळाने सांगितलं.

घरी जायच्या आधी गुरुदासकडून स्वेटर मागून घेतला. मालवणात स्वेटर हा कपडा नाही, ती एक ऐकीव गोष्ट आहे. कोणीतरी कधीतरी महाबळेश्वरला जाऊन आल्याची ती निशाणी असते. दुपारचं ऊन, हवा हलत नाही, कोंबड्यासुद्धा चोच उघडून बसलेल्या, आणि मी ओटीवर लोकरीच्या पूर्ण बाह्यांत.

यशोदेने पाहिलं. "थंडी वाजता?"

"जरा कसकस आसा."

"अगो बाई." तिने पुढ्यात कुळथाची पिठी आणून ठेवली, उकळती. मी प्यायलो. मग आल्याचा काढा. तोही प्यायलो. माझ्या नाकावरून घाम वाटीत पडत होता आणि ती समोर बसून वारा न घालता बघत होती. शेवटी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "पाणी तापवलंय. चला, आंगोळ करा. आज मी पाठ चोळून देतंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, असा प्रस्ताव कधी आला नव्हता. मी मुकाट्याने बाही वर केली. तिने कोपर धुतलं, हळद लावली, फुंकर घातली, आणि मग त्याच हाताने कुडाळला फोन करण्यासाठी सडा चढायला लागली. रेंजसाठी मी कधी तिला इतकं भरभर चढताना पाहिलं नाही.

ओंकार आणि आमची मुलगी संचिता दुसऱ्या दिवशी हजर. ओंकारने हेल्मेट आणलं होतं, हातमोजे आणले होते, गुडघ्याची कवचं आणली होती. पायात मात्र चप्पल. सासुरवाडीला आलेला, बूट कशाला?

"बाबा, तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला आणि टाकीवरून हात फिरवला. "मी अगदी जपून वापरेन."

मी चावी दिली. ते वर्णन करत नाही. ओटीवर जाऊन बसलो, पेपर उघडला. कालचाच होता. पायात मुंग्यांनी बिऱ्हाड थाटायला सुरुवात केली. एवढ्यात गुरुदास कुंपणावरून म्हणाला, "भिकाजी, खुर्ची जरा आत घे, ऊन येतला." माझ्या डोळ्यांपुढे त्याचे वडील उभे राहिले, गुडघ्यावर बशी घेऊन.

ओंकारने गाडी सुरू केली. खळ्यातून बाहेर काढली. साइड स्टँड वर घ्यायचा राहिला होता. मी बघितलं. ओरडणार होतो, देवाशप्पथ ओरडणार होतो, पण खुर्ची आत ओढायची म्हणून पेपरची सुरळी तोंडात धरली होती. गाडी डावीकडे वळली, स्टँड टेकला, गाडीने उसळी खाल्ली. तेवढ्यात ओंकारने, म्हणजे सगळी कवचं घातलेल्या माणसाने, गाडी सोडून शहाण्यासारखी उडी मारली. ती थेट कुंपणाच्या दगडी गडग्यावर. गाडी आपली खुंट्यावर निवांत टेकली, जणू दुपारची वामकुक्षी.

"जावय!" यशोदेने अशी किंकाळी फोडली की गुरुदास कुंपणावरून पलीकडे पडला. माझ्या वेळी तिने हळद लावली होती. जावयासाठी रिक्षा आली, बर्फ आला, अर्धी वाडी आली, डॉक्टर आले. घोट्याच्या हाडाला बारीक तडा. प्लास्टर. गाडी उचलायला एकटा मी गेलो. एक ओरखडा नाही तिच्या अंगावर.

"आई, ही गाडी आमच्या दारात नको," संचिता रडत रडत म्हणाली. "कोणालाही द्या."

"इकून टाकतंय," यशोदा म्हणाली, आणि चावी कडीच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

पण कुडाळला त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत जावई आमच्याकडे. आणि जावई घरात असताना त्याला डाळभात वाढण्याएवढी यशोदा अजून पडलेली नाही. पहिल्या सकाळी तिने सोलकढी केली, नारळ खवला, मसाला वाटला आणि मासळीवालीची वाट बघत बसली. ती आलीच नाही. रिक्षावाला जत्रेला गेलेला. गुरुदास लंगडत होता. ऊन वर चढत चाललं. आत ओंकार संकोचून म्हणाला, "आई, काही नसलं तरी चालेल." हे वाक्य सासूच्या काळजात कसं घुसतं, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

मी पेपर वाचत होतो. कालचाच. मान वर केली नाही.

डब्याचं झाकण वाजलं. चावी माझ्या मांडीवर पडली.

"जेटीर इसवण मिळता काय बगा," यशोदा भिंतीकडे बघून म्हणाली. "सावकाश जावा."

तेव्हापासून रोज जातो. इसवण, म्हणजे तुमची सुरमई, नाहीतर सरंगा, कधी तिसऱ्यांचे शिंपले. परत येताना आचऱ्यावरून येतो, जावयाला ताजी हवा लागलेले मासे मानवतात. ओंकारचं वजन वाढलं आहे आणि माझ्या मुंग्या गेल्या आहेत.

काल डॉक्टर आले होते. पाय दाबून म्हणाले, "सुंदर भरतंय. चारपाच दिवसांत प्लास्टर काढू या."

मी गाडी ढकलत त्यांना पायवाटेपर्यंत पोचवायला गेलो. जरा आडोसा बघून म्हटलं, "डॉक्टर, जावयाचा पाय आहे. घाई करू नका. हाड चांगलं मुरू दे."

डॉक्टर थांबले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता, "जावयाला इतका जीव लावणारा सासरा मी आजवर पाहिला नाही."

मी मान खाली घातली आणि गाडी सुरू केली. लिलाव सुरू व्हायला आला होता.